पुनर्विवाह केलेला नाही

साहेबांनी दुसरी भाकरी मोडली, तेव्हा कुठं मला कळलं की हा माणूस जेवायला आलेलाच नाही.

तोपर्यंत मी त्यांना नवं गिऱ्हाईक समजत होते. शिरोलीच्या एमआयडीसीला लागून आमचं दोन खोल्यांचं घर होतं आणि पुढच्या खोलीत माझी खानावळ चालायची. खानावळ म्हणजे काय, तर फौंड्रीतले एकटे राहणारे चार-पाच कामगार दुपारच्या सुट्टीत यायचे, भिंतीला टेकून जेवायचे आणि भोंगा वाजायच्या आत हात धुऊन पळायचे. त्या दिवशी चौघं बसले होते. एवढ्यात दारात एक गोरे, टकलावर घाम डवरलेले गृहस्थ येऊन उभे राहिले. काखेत चामड्याची बॅग. आत यायचं सोडून ते बराच वेळ उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपलांकडं बघत होते.

"या की आत. बसा," आत्ती म्हणाल्या. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, आनुबाई. आमच्या भागात सासूला आत्तीच म्हणतात.

"नाही, मी जरा वेगळ्याच—"

"आदी जेवा. मग बोला."

आत्तींना नाही म्हणणं आजवर कुणाला जमलेलं नाही. साहेब बॅग मांडीवर घेऊन बसले. मी ताट वाढलं. पहिल्याच घासाला त्यांनी लोणचं समजून मिरचीचा खर्डा चांगला बोटभर उचलला आणि त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. तरी माणूस मागं हटला नाही. एक भाकरी संपवली, दुसरी मोडली, डावा हात बॅगेत घातला आणि एक कागद काढला.

"मालन हिंदुराव मगदूम आपणच का?"

"मीच."

"मी खांबेटे. विम्याच्या ऑफिसातून आलोय. आपल्याला आमच्याकडून दरमहा पेन्शन मिळते."

"मिळती."

साहेबांनी घसा साफ केला. तो खर्ड्यामुळं की पुढच्या प्रश्नामुळं, ते त्यांनाच ठाऊक.

"आपला पुनर्विवाह झालाय का?"

चारी ताटांवरचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा मी भानावर आले.

"कुणाचा?"

"आपला."

"झाला असंल तर मला कुणी बोलावलं न्हाई, साहेब."

माणसं फिसकन हसली. साहेब हसले नाहीत. त्यांना हसायची परवानगी नसावी.

ही पेन्शन कसली, ते सांगते. माझे मालक हिंदुराव फौंड्रीत कामाला होते. एका सकाळी वर उचललेली साच्याची लोखंडी पेटी साखळीतून निसटली आणि त्यांच्या अंगावर आली. घरून डबा घेऊन गेलेला माणूस परत आला नाही, डबा आला. रेश्मा तेव्हा बालवाडीत होती. त्यांच्या पगारातून दर महिन्याला विमा कापला जायचा आणि कामावर माणूस गेला तर त्या विम्यातून बायकोला आणि पोरांना दरमहा पैसे मिळतात, हे मला त्यानंतर कळलं. बायकोला मिळतात, पण तिनं दुसरं लग्न करेपर्यंत. म्हणून ठरावीक मुदतीनं एक कागद भरून द्यावा लागायचा. 'मी पुनर्विवाह केलेला नाही' असं त्यावर छापलेलं असायचं. खाली माझी सही, त्याच्याखाली सरपंचाची. सरपंच दर खेपेला पेन हातात धरून विचारायचे, "नक्की न्हाई न्हवं?" आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसायचे.

पण ऑफिसातला माणूस घरी येऊन विचारतोय, असं कधी झालं नव्हतं.

"घरात कोण कोण राहतं?" साहेबांनी विचारलं.

"मी ऱ्हातो, आत्ती ऱ्हात्यात, पोरगी ऱ्हाती."

साहेबांचं पेन उभं राहिलं. "कोण राहतो?"

"मी."

"तुम्ही राहता, ते कळलं. पण राहतो कोण?"

"आवो, मीच ऱ्हातो!"

आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. आता माझी लेक मास्तरीण झाली आणि तिनं माझं बोलणं पुस्तकी करून टाकलंय, पण तेव्हा मीही तशीच बोलायचे. साहेब पडले पुण्याचे. आमच्या घरात एक दडवलेला पुरुष आहे, अशी त्यांची खात्रीच पटली. शेवटी कोपऱ्यात अभ्यास करत बसलेल्या रेश्मानं वहीतून डोकं वर न काढता सांगितलं, "आई स्त्रीलिंगी हाय, पण बोलती पुल्लिंगी." तेव्हा कुठं त्यांनी पुढं लिहिलं.

"मग बाहेर पुरुषांच्या चपला कशा?"

"चार जोड हायेत, साहेब. त्यातल्या कुठल्या जोडाशी माझं लगीन लावताय?"

साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "शामराव सुतार. ही व्यक्ती इथे येते का?"

शामराव सुतार त्यांच्या शेजारीच बसले होते. त्यांना असा ठसका लागला की बाजूच्यानं पाठ थोपटायला घेतली.

शामराव फौंड्रीत पॅटर्नच्या खात्यात होते. लोखंडाची जी वस्तू ओतायची ती आधी लाकडात बनवायची, मग तिचा ठसा वाळूत घ्यायचा. ते लाकडातलं काम त्यांचं. उंच, जरासे वाकलेले, भुवयांवर कायम भुसा. धाकट्या भावंडांची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलं होतं. दोन वर्षं माझ्याकडं जेवत होते, पण त्यांचा आवाज मी क्वचितच ऐकला असेल. भाजी हवी असली की वाटी पुढं सरकवायची, बास झालं की ताटावर हात धरायचा. बाकी सगळा व्यवहार मुक्यानं.

"आपण शामराव?" साहेबांनी वहीचं पान उलटलं. "आपला या बाईंशी विवाह झालाय का?"

शामरावांनी मान हलवली.

"तोंडी उत्तर लागतं."

"न्हाई."

"मग आपला यांच्याशी संबंध काय?"

शामरावांनी ताटाकडं पाहिलं. "भाकरीचा."

साहेबांनी तसंच लिहून घेतलं. मग पेनाला टोपण लावता लावता, वहीत नसलेला एक प्रश्न त्यांच्या तोंडातून निसटला. "आणि भविष्यात?"

मला वाटलं, शामराव पुन्हा मान हलवतील. पण ते नुसते बसून राहिले. इतका वेळ बसले की फौंड्रीचा भोंगा वाजला, बाकीचे तिघं उठून हात धुवायला गेले. शामरावही उठले, उंबऱ्यात दुसऱ्याच कुणाच्या चपलांत पाय घातले आणि निघून गेले. त्या चपलांचा मालक रस्त्यानं ओरडत त्यांच्यामागं पळाला.

आत्ती या सगळ्या वेळात लसूण सोलत होत्या. एरवी भांडण असो की बारसं, मध्ये बोलल्याशिवाय त्यांना करमायचं नाही. त्या दिवशी त्यांनी महिनाभर पुरेल एवढा लसूण सोलून ठेवला.

ही चुगली कुणी केली, याबद्दल मला जराही शंका नव्हती. आमच्या शेजारी बायाक्का राहायची. गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतंय ते तिला घरच्या माणसांच्या आधी कळायचं. संध्याकाळी नळावर मी तिला गाठली.

"माझं लगीन लावून आलीस की ऑफिसात! अक्षता तरी टाकायच्या हुत्यास!"

बायाक्कानं आधी सगळं नीट ऐकून घेतलं. घागर भरून बाजूला ठेवली, मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मालन, जरा डोकं चालीव. मला असली बातमी गावली असती, तर मी आदी गल्लीला सांगितली असती का नसती? ऑफिसात जाऊन त्या टकल्याला सांगून मला काय मिळणार?"

तिचं म्हणणं खरंच होतं. बायाक्कानं आपली बातमी अशी वाया घालवली नसती.

"आन खरं सांगू?" घागर उचलता उचलता ती म्हणाली. "माणूस वाईट न्हाई गं."

झालं. तिला ठाऊक नव्हतं ते आता मीच तिला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून गिरणीत गेले की गिरणीवाला म्हणायचा, "शामराव लई सरळ माणूस." दूध घालणारी म्हणायची, "बिडी न्हाई, तंबाखू न्हाई." जणू मी बाजारात बैल बघायला निघाले होते आणि प्रत्येकानं त्याचे दात मोजून ठेवले होते.

बैल मात्र गायब झाला होता. चौकशीच्या दिवसापासून शामराव जेवायला आलेच नाहीत. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी राग आला. मग भाकऱ्या थापताना लक्षात आलं की मी त्यांच्या वाटणीचं पीठ अजून मळतेच आहे. भोंगा झाला की माझी मान आपोआप रस्त्याकडं वळायची.

"शामूकाका गेटजवळ भडंग खाऊन ऱ्हात्यात," रेश्मानं बातमी आणली.

"खाईनात."

"वाळल्यात."

"वाळू देत."

"मग तू त्यांच्या भाकरी का करालीस?"

तिला मी गुणाकार करायला पिटाळलं. पण डोकं भणभणत होतं. महिन्याचं जेवण लावायचं आणि तोंड लपवून भडंग खायचं, ही काय रीत झाली? मी काय त्यांना गिळणार होते? मी रागारागानं डबा भरला, पदर खोचला आणि निघाले. आत्तींनी कुठं म्हणून विचारलं नाही. नुसत्या म्हणाल्या, "खर्डा जरा जास्त घाल. त्याला आवडतोय."

फौंड्रीच्या गेटसमोर आले आणि माझे पाय थांबले.

हिंदुराव गेल्यापासून मी त्या गेटवर आलेच नव्हते. किराणा आणायला जायचं तर मी मागच्या वाटेनं जायचे. तिथंच, त्या कडुनिंबाखाली, मला बसवलं होतं. कुणीतरी पाणी दिलं होतं आणि डबा माझ्या मांडीवर ठेवला होता. सहा वर्षांनी मी परत तिथं उभी होते आणि हातात पुन्हा एक डबा होता. एकदा वाटलं, वॉचमनकडं ठेवावा आणि पळावं. पण तेवढ्यात वॉचमननं आत हाक मारली होती.

शामराव आले. खरंच वाळले होते. मला पाहून ते चार पावलं अलीकडंच थांबले.

"जेवायला का येत न्हाईसा?" मी विचारलं.

"वेळ गावत न्हाई."

"भडंग खायाला गावतोय."

ते वळले आणि आत गेले. मला वाटलं, गेला हा माणूस कायमचा. पण थोड्या वेळानं ते बाहेर आले, तेव्हा त्यांच्या हातात पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते माझ्यापुढं धरलं. मी पोतं बाजूला केलं. आत काठवट होती, पीठ मळायची, शिसवी लाकडाची. तिचा काठ इतका गुळगुळीत होता की बोट फिरवलं तर आपोआप पुढं सरकत जाई.

"तुमची तडकलीया," ते म्हणाले. "पीठ बाहीर येतंय. जेवायच्या सुट्टीतच करायला मिळतं, मग..."

म्हणजे हा माणूस मला टाळत नव्हता. माझ्यासाठी काठवट घडवायची म्हणून माझ्याकडचं जेवण सोडून भडंग खात होता. मला हसू आलं. हसू आलं म्हणून डोळ्यांत पाणी आलं, आणि मग नेमकं कशामुळं काय आलं ते कळेना.

"त्या साहेबांनी इच्यारलं हुतं," शामराव माझ्या मागच्या झाडाकडं बघत म्हणाले. "भविष्यात म्हणून."

"व्हय."

"मी उत्तर दिलं न्हाई."

"बघितलं की मी."

"आता देऊ?"

वॉचमन दुसरीकडं तोंड करून उभा होता, पण त्याचे कान आमच्याकडं होते. मी काठवट छातीशी धरली.

"पेन्शन बंद हुईल," मी म्हणाले.

"हुईल. माझा पगार हाय."

"पगाराचं न्हाई म्हणत मी."

शामराव थांबले. कशाचं म्हणतेय, असं त्यांनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मला तेव्हा सांगता आलं नसतं. "थांबतो मी," एवढंच ते म्हणाले आणि डबा घेऊन कडुनिंबाखाली जेवायला बसले.

घरी मी काठवट ठेवली. आत्तींनी ती उलटीपालटी करून पाहिली, बोटानं वाजवून पाहिली आणि त्यात पीठ ओतलं.

मला त्यांना विचारायचं होतं, पण कसं विचारणार? त्या हिंदुरावांच्या आई. पोटचं एकच पोर, ते असं गेलं. त्यांच्यापुढं उभं राहून 'मी दुसरं लगीन करू का' म्हणायचं? आणि केलं, तर त्या कुठल्या नात्यानं माझ्याजवळ राहायच्या? म्हणून मी आधी ऑफिसात जायचं ठरवलं. रेश्माचं काय होतं ते तरी कळू दे, मग पुढचं पुढं.

खांबेटे साहेब टेबलामागं बसले होते. मला बघितल्या बघितल्या उभे राहिले.

"या, या. तुमची चौकशी बंद झाली. तक्रारीत तथ्य नाही, असं लिहिलंय मी."

"आता तथ्य यायलाय, साहेब," मी म्हणाले.

साहेब पहिल्यांदा हसले. त्यांनी खुर्ची दिली, नियम समजावून सांगितला. लग्न झालं की माझा हिस्सा बंद. रेश्माचा चालू राहणार, तिचं लग्न होईपर्यंत. "पण हे सगळं तर मी आधीच सांगितलं होतं," ते म्हणाले.

"कुणाला?"

साहेबांनी जीभ चावली. इकडं तिकडं पाहिलं. मग म्हणाले, "माहिती देणाऱ्याचं नाव आम्ही सांगत नाही. पण आता प्रकरण मिटलंच आहे. तुमच्या सासूबाई आल्या होत्या."

"आमच्या आत्ती?"

"एकट्याच. एका मंगळवारी. 'अंबाबाईला जातो म्हणून निघालोय, घरी ठाऊक न्हाई,' म्हणाल्या. 'सुनंनं लगीन केलं तर माझ्या नातीचं बंद हुतंय का?' असं विचारत होत्या. मी म्हटलं, विवाह झालाय की व्हायचाय? तर म्हणाल्या, 'झाल्यातच जमा हाय.' मी नवीन माणूस. मला वाटलं, झाला. मी त्या माणसाचं नाव विचारलं, त्यांनी लगेच सांगितलं. मग वरून चौकशीचा आदेश निघाला. मी तुमच्या घरी आलो तर त्या दारातच! ओळख दाखवावी की नाही, ते मला कळेना. त्यांनी सरळ ताटावर बसवलं."

मी तोंडाला पदर लावून बसले होते.

"अजून एक विचारलं होतं त्यांनी," साहेबांनी आवाज खाली आणला. "म्हणाल्या, 'सुनंचं दुसरं लगीन झाल्यावर म्हातारीनं तिच्याजवळ ऱ्हायचं न्हाई, असा काय कायदा हाय का?' मी पुस्तक पहिल्या पानापासून चाळलं, त्यांच्यासमोर. तसं कलम कुठेही नाही."

एसटीत मला खिडकीची जागा मिळाली होती, पण बाहेर काय होतं ते मला आठवत नाही.

घरी आले तेव्हा आत्ती ज्वारी निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले.

"अंबाबाईनं काय सांगितलं मग, आत्ती?"

त्यांनी सूप थांबवलं. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि समजायचं ते समजल्या.

"टकल्यानं सांगितलं व्हय? त्याला शपथ घालायची राहूनच गेली बघ."

"लगीन झाल्यातच जमा हाय म्हणालासा? आमी दोघं एकमेकांशी धड बोलत बी नव्हतो!"

"तुमी दोगं बोलायची वाट बघत बसलो असतो, तर मी कवाच मसनात गेलो असतो." पुन्हा सूप हलायला लागलं. "मी नुसतं इच्यारायला गेलो हुतो. चौकशी लावा म्हणून न्हाई सांगितलं. पर लावली ते झ्याक झालं."

"आन शामरावच का? चौघं जेवायला असत्यात."

आत्तींनी सुपातला एक खडा उचलून लांब फेकला.

"बाकीची दारातनं आली की आदी ताटाकडं बघत्यात. त्यो आदी हिंद्याच्या फोटूकडं बघतोय. मग बसतोय." आणि लगेच, आवाजातलं काही मला ऐकू जाऊ नये म्हणून की काय, खेकसल्या, "आता बसून काय ऱ्हायलीस? चूल पेटीव!"

दोन वर्षं तो माणूस माझ्यासमोर जेवत होता. मी मात्र कायम चुलीकडं तोंड करून बसलेली. मला ते कधी दिसलंच नव्हतं.

लग्न साधंच झालं. माझा भाऊ कागलहून तणतणत आला. "मगदुमाची सून सुताराच्या घरात जाणार?" आत्ती त्याला म्हणाल्या, "सुताराच्या घरात कोण चाललंय? सुतार मगदुमाच्या घरात यायलाय." आणि तसंच झालं. शामरावांनी एक पत्र्याची ट्रंक आणि रंधे-पटाशीची पेटी आणली आणि मागच्या खोलीत मांडली. खांबेटे साहेब जेवायला आले, खर्डा चाटून बघितला आणि या वेळी रडले नाहीत. बायाक्कानं अक्षता टाकल्या आणि मी जन्मात केल्या नाहीत एवढ्या गोष्टी माझ्याबद्दल शामरावांच्या मावशीला सांगितल्या.

आणि मग पुढचा महिना लागला.

पेन्शन मनीऑर्डरनं यायची. पोस्टमन दारात सायकल लावून "मगदूम!" म्हणून हाळी द्यायचा. हिंदुराव होते तेव्हा पगाराच्या दिवशी तेही असेच दारातून हाक मारायचे, आत यायच्या आधी. पैसे आत्तींच्या हातात द्यायचे, आत्ती देवापुढं ठेवून माझ्या हातात द्यायच्या. ते गेल्यावर मनीऑर्डर यायला लागली तेव्हाही आम्ही तसंच करत राहिलो. मी सही करायची, पैसे आत्तींकडं, आत्तींकडून देवापुढं, देवापुढून माझ्याकडं. आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही. पण इतकी वर्षं माझ्या मनात कुठंतरी असंच होतं की हिंदुराव कुठंतरी लांब कामाला गेलेत आणि तिथून पगार पाठवतायत. लांब असेना, पण घराची आठवण आहे.

त्या महिन्यात पोस्टमननं रेश्माच्या नावाचे पैसे दिले आणि सायकलवर टांग मारली.

"आन माझं?" माझ्या तोंडून गेलं. मला सगळं ठाऊक होतं, मीच कागदावर लिहून दिलं होतं, तरी गेलं.

"तुमचं न्हाई, वैनी. बंद झालं न्हवं?"

मी आत आले. आत्ती हात पुढं करून बसल्या होत्या, सवयीनं. मी त्यांच्या हातात रेश्माचे पैसे ठेवले. त्यांनी ते पाहिले. हात तसाच पुढं राहिला. मग त्या म्हणाल्या, "गेला गं," आणि आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो. ते गेले तेव्हा आम्ही रडलो होतो, पण त्या वेळी माणसं होती, पोलीस होते, कंपनीचे साहेब होते, पोर कडेवर होती. मनासारखं रडणं त्या दुपारी झालं.

शामराव कामावरून आले तरी आम्ही तशाच बसलो होतो. चूल थंड. रेश्मा दारात उभी. नवी नवरी पहिल्या नवऱ्यासाठी रडतेय, हे कुठल्या माणसाला आवडेल?

त्यांनी आमच्याकडं पाहिलं. काय झालं म्हणून विचारलं नाही. पाय धुतले, चूल पेटवली, काठवटीत पीठ घेतलं आणि मळायला बसले. आयुष्यात भाकरी केली नसावी. पाणी जास्त झालं, मग पीठ जास्त झालं, मग पुन्हा पाणी. रेश्मा त्यांच्याजवळ बसून "असं न्हाई, शामूकाका, तसं" सांगत होती. शेवटी एक भाकरी तव्यावर पडली, दुसरी पडली. त्यांनी ताटं वाढली आणि आमच्या पुढ्यात ठेवली.

आत्तींनी डोळे पुसले. भाकरी हातात घेऊन उजेडात धरली. काठ कंपासानं काढल्यासारखा गोल होता, जाडी सगळीकडं सारखी. पॅटर्नवाल्याचीच भाकरी ती. मोडली तर आत निम्मी कच्ची.

आत्तींनी तोच तुकडा भाजीत बुडवून तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिल्या.

"दिसायला एक नंबर हाय," त्या मला म्हणाल्या. "आता ह्याला भाजायला शिकीव."